समोरच्याचं म्हणणं

बिबवेवाडी, पुणे
४ जुलै २०१०

दुर्गा,

वर 'चि.' लिहिलेलं नाही आणि आशीर्वादही दिलेला नाही. आशीर्वादावर माझा विश्वास नाही हे तुला माहीत आहे, आणि सत्तावन्न वर्षांच्या बाईला चिरंजीव हो म्हणण्यात काही अर्थ नाही. चर्चची सिस्टर झाल्यावर तुला जे नवं नाव मिळालं ते माझ्या हातून लिहिलं जात नाही, म्हणून जुनंच. तुझ्या नावाचा घोळ तसाही आधीपासूनचा. छप्पन साली बाबांनी दीक्षा घेतली, देव्हाऱ्यातले टाक नेऊन नदीत सोडले, आणि घरात तीन वर्षांची दुर्गा तेवढी राहून गेली.

पत्ता फादर हिंदुराव गायकवाडांनी दिला. नाव पुन्हा वाचू नकोस, बरोबर वाचलंस. नगर जिल्ह्यातले आहेत, तीन पिढ्यांचे कॅथलिक. कुणी हसलं की म्हणतात, "नाव आजोबांनी ठेवलं, काम मी निवडलं." रांचीकडच्या गुमल्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरचा पत्ता कशाला हवा, असं त्यांनी विचारलं. माहिती हवी आहे, एवढंच मी सांगितलं. ओव्हाळ हे आडनाव त्यांनी दोन्हीकडे वाचलं असणार, तरी पत्ता तेवढा लिहून दिला.

आई गेल्याचं कार्ड टाकलं होतं ते सोडलं, तर तेहतीस वर्षांत हे माझं तुला पहिलं पत्र. खुशाली विचारायला लिहीत नाहीये, काम आहे म्हणून लिहितोय.

कसब्यात एक वादसभा आहे. तांबट आळीत, भांडी ठोकण्याच्या एका कारखान्यावरचा हॉल. खालची ठोकाठोक सहाला थांबते, म्हणून सभा सव्वासहाला. मी तिथे चाळीस वर्षं बोलतोय. नास्तिकांच्या बाजूने कोण, असा प्रश्न आला की अध्यक्ष वैजनाथराव मला न विचारता माझं नाव लिहितात. मधे सभेला अवकळा आली होती, श्रोते म्हणजे पंख्याखाली झोपायला आलेले सात पेन्शनर. मग माझी मुलगी पूर्वा, जी खराडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे, तिने ऑफिसात सगळ्यांना मेल पाठवले. आता गळ्यात ओळखपत्र अडकवलेली पोरं जिन्यातसुद्धा बसतात. त्यांना देवाबद्दल भांडण ऐकायला आवडतं. घरी कुणी भांडत नसावं.

काल विषय होता : 'कॅथलिक पंथातील पापनिवेदन माणसाला बेजबाबदार बनवते.' बाजूने मी, विरुद्ध फादर हिंदुराव. वैजनाथरावांनी या वर्षी सभेचा जुना नियम पुन्हा लागू केलाय. आधी समोरच्याचं म्हणणं आपण मांडायचं, असं की त्याने उठून 'मान्य' म्हटलं पाहिजे. ते म्हटल्याशिवाय खोडायला सुरुवात करायची नाही. संधी तीन. तीनही चुकल्या तर खाली बसायचं.

फादरांनी माझं म्हणणं पहिल्या फटक्यात मांडलं. इतकं नेटकं मांडलं की माझा मलाच अभिमान वाटला. मी उठून 'मान्य' म्हणालो. मग माझी पाळी.

मी म्हणालो, "पाप करा, जाळीमागे बसलेल्या माणसाच्या कानात सांगा, मोकळे व्हा, सोमवारपासून पुन्हा सुरू." पोरं हसली. फादर उठले आणि शांतपणे म्हणाले, हे आमचं म्हणणं नाही. दुसऱ्या वेळी मी म्हणालो, माफी देव देतो आणि फादर मधला माणूस असतो. ते म्हणाले, हे अर्धं आहे, अर्धं कसं मान्य करू? तिसऱ्या वेळी माझा पारा चढला आणि मी जन्मजात पाप वगैरे काढलं. ते म्हणाले, "ओव्हाळसाहेब, हे तुम्ही वाचलेलं पुस्तक बोलतंय. मी असं म्हणत नाही." वैजनाथरावांनी घंटा वाजवली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी एकही मुद्दा न मांडता खाली बसलो.

उरलेल्या वेळात फादर एकटेच बोलले. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "ज्याचा अपराध केला तो माणूस आता जगातच नसेल, तर तुम्ही कुणाकडे जाता?" सभेत टाळी घेणारी वाक्यं असतात, तसलंच हे. मला त्याचं काही वाटण्याचं कारण नव्हतं. पाणी प्यायलो तेव्हा हात हलला एवढंच, आणि ते पूर्वाने पाहिलं. घरी येताना म्हणाली, "बाबा, तू कम्प्लीट फ्लॉप झालास आज."

नियमाप्रमाणे बसवलेल्या वक्त्याला एकदा पुन्हा बोलता येतं. १३ नोव्हेंबर ठरलाय. त्या दिवशी मला त्या माणसाच्या तोंडून 'मान्य' काढायचंय, आणि मग त्याचं म्हणणं मुळासकट उपटायचंय. पुस्तकं माझ्याकडे आहेत, पण पुस्तकं उपयोगी पडली नाहीत. आत बसून हे करणारं माणूस माझ्या ओळखीत एकच आहे. पापनिवेदनात नक्की काय होतं ते मुद्देसूद लिहून पाठव. प्रवचन नको.

दशरथ

१ ऑगस्ट २०१०

दुर्गा,

तुझी चार पानं मिळाली. प्रवचन नको लिहिलं होतं म्हणून तू ते चौथ्या पानावर ढकललंस, हे लक्षात आलं. अक्षर अजून तसंच आहे, 'ळ'ला उगाच मोठं पोट.

पहिली गोष्ट मला माहीत नव्हती हे कबूल करतो. मला वाटायचं, फादर काय आणि सिस्टर काय, सगळ्यांना तो अधिकार असतो. तू लिहितेस, तुला पापनिवेदन ऐकता येत नाही, तेहतीस वर्षं सेवा करूनही नाही. हा मुद्दा मी वहीत लाल शाईने लिहिलाय. बायकांना तुमच्याकडेही दाराबाहेरच उभं करतात तर. यावर तू काय म्हणशील ते मला माहीत आहे, आणि तू ते म्हणू नकोस.

दुसरी गोष्ट मात्र मला दोन दिवस छळतेय. तू लिहितेस, "दादा, सांगून टाकणं म्हणजे सुटणं नव्हे. चोरीचा माल घरात ठेवून माफी लागू होत नाही. तो परत करायचा, जमेल तितका. सांगणं ही फक्त त्याची सुरुवात." हे माझ्या कुठल्याच पुस्तकात इतकं सरळ नव्हतं. फादरांना हेच हवं असणार, म्हणूनच ते 'अर्धं' म्हणाले. पण माझा प्रश्न उरतोच. माल परत करायचाच असेल तर थेट मालकाकडे जा, मधे जाळी कशाला?

तू शेवटी विचारलंयस, आई शेवटच्या दिवसांत काही म्हणाली का. विशेष काही नाही. किडन्या निकामी झाल्या होत्या, शेवटचे आठ दिवस ग्लानीतच होती. त्याआधी मात्र हट्टी. सत्तरी उलटली, गुडघे गेले, तरी दर रविवारी दोन किलोचं दळण डोक्यावर घेऊन गोदाबाईच्या गिरणीत चालत जायची. दोन किलो दळायला लागतात पाच मिनिटं, ही परत यायची तासाने. मी तयार पिठाची पिशवी आणून दिली तर दोन महिने बोलली नाही. मी म्हणायचो, आई, शहर कुठे चाललंय आणि तू कुठे चाललीयेस? ती म्हणायची, गिरणीत. असो.

पूर्वा विचारत होती की गुमल्याच्या आत्याला मेल का करत नाहीस. मी म्हणालो, आपल्या घराण्याची भांडणं पोस्टाने चालतात.

दशरथ

१२ सप्टेंबर २०१०

दुर्गा,

काल गणपती बसले. आमच्या मजल्यावर दोन आहेत आणि भिंती पातळ, त्यामुळे माझ्या नास्तिकतेला सकाळ-संध्याकाळ आरती आहे. बाहेर इतका गलका असताना बसून पत्र लिहायचं तर मनात तितकंच काही असावं लागतं, तेव्हा नीट वाच.

तुझं म्हणणं मी वहीत उतरवून पूर्वासमोर म्हणून दाखवलं. मी फादरांचं मांडायचं, तिने फादर व्हायचं. तिने दोनदा 'मान्य नाही' म्हटलं आणि दोन्ही वेळा कारण एकच दिलं : "बाबा, शब्द बरोबर आहेत, पण तू ते चिमट्यात धरल्यासारखे बोलतोस." चाळीस वर्षं मी समोरच्याचं म्हणणं असंच धरत आलो असेन. मला कधी कुणी सांगितलं नाही.

तू पुन्हा आईबद्दल विचारलंयस, आणि या वेळी सरळच. तुझी पत्रं तिला मिळत होती का, म्हणून. दुर्गा, पोस्टाचं काय सांगावं. आपला पोस्टमन उत्तरेश्वर भला माणूस होता, पण त्याचा भाग मोठा होता. गुमला कुठे, पुणे कुठे. पत्रं गहाळ होतात.

एक गोष्ट मात्र लिहिली पाहिजे. तू घर सोडलंस तेव्हा मी जे बोललो, त्यातलं निम्मं मला अजून खरं वाटतं. ज्या घरातून देव बाहेर काढायला पिढ्या गेल्या, त्या घरातली मुलगी दुसऱ्या दाराने जाऊन गुडघ्यावर बसली, याचा मला संताप आला होता. तू म्हणाली होतीस, तुला तिथे कुणी बसवलं नाही, तू स्वतः बसलीस. मी ते ऐकून घेतलं नव्हतं. आज त्या वाक्याला 'मान्य' म्हणता येईल. मान्य म्हणजे पटलं असं नव्हे. तुझं म्हणणं हेच होतं, एवढं मान्य.

आई तुझं नाव काढायची. अधूनमधून.

दशरथ

२४ ऑक्टोबर २०१०

दुर्गा,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. त्याआधीच्याही.

पत्रं गहाळ होत नव्हती. दर वर्षी दिवाळीच्या सुमारास तुझं एक पत्र यायचं, पाकिटावर आईचं नाव. ते मी परत पाठवायचो. पाकिटावर लिहायचो, 'सोजरबाई ओव्हाळ घेण्यास तयार नाहीत.' माझ्या हाताने, आईच्या नावावर. एकोणऐंशीपासून दोन हजारपर्यंत, बावीस पत्रं. आईला वाचता येत नव्हतं, त्यामुळे काम सोपं होतं. तुला वाटलं असेल की आईने तुला टाकलं. तुला तसं वाटावं अशीच माझी इच्छा होती, म्हणजे तू लिहिणं थांबवशील. तू थांबवलं नाहीस.

आणि तुला माहीत नाही ते पुढे आहे. आपल्याकडे दिवाळी करायचं बाबांनी बंद केलं होतं, पण भाऊबीजेच्या दिवशी सकाळी आई मला एकच विचारायची, "दुर्गाचं पत्र आलं का रे?" मी म्हणायचो, नाही. ती म्हणायची, "बरं." पुन्हा वर्षभर विषय नाही. बावीस वेळा विचारलं, बावीस वेळा नाही म्हणालो. शेवटच्या वर्षी ती खाटेवर होती. मी नाही म्हणालो तेव्हा तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि मी पंख्याचं बटण दाबायला उठलो. फेब्रुवारीत गेली. मुलगी आपल्याला विसरली, असं समजून गेली.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. पूर्वाला मी सांगत आलोय की आत्याला आपली गरज नाही. गेल्या रविवारी मी पुन्हा तिच्यासमोर फादरांचं म्हणणं मांडत होतो. 'चोरीचा माल घरात ठेवून' इथपर्यंत आलो आणि पुढचं बोलता येईना. पोरगी लॅपटॉप बंद करून म्हणाली, "बाबा, तू आयुष्यात कुणाची माफी मागितलीयेस?" मी म्हणालो, मागायचं कारण पडलं नाही. ती म्हणाली, "बरं." आपल्या आईवर गेलीये.

फादरांनी जुलैत जो प्रश्न विचारला, त्यावर माझा हात का हलला ते आता तुला कळलं असेल. जिची चोरी केली ती नाही. माल म्हणजे बावीस दिवाळ्या, त्या परत करता येत नाहीत. जाळीमागच्या माणसाकडे मी जाणार नाही, कारण जो खरोखर आहे असं मला वाटत नाही त्याच्या वतीने तो बोलणार. पण निम्मी चोरी तुझी आहे आणि तू आहेस. म्हणून तुला सांगतो. मी चुकलो. वाईट चुकलो. वादात हरलेलं मला सोसतं, हे नऊ वर्षं सोसत नाहीये.

तुला अधिकार नाही हे माहीत आहे. मागतोय ते तुझ्या चर्चकडे नाही, तुझ्याकडे मागतोय. उत्तर आलं नाही तरी मी समजून घेईन. परत पाठवायचं असेल तर पाकिटावर काय लिहायचं ते तुला माहीत आहेच.

दादा

१४ नोव्हेंबर २०१०

दुर्गा,

जिंकलो.

तुझं पत्र परवा, शुक्रवारी संध्याकाळी मिळालं. चार वेळा वाचलं. त्याबद्दल शेवटी लिहितो, कारण त्यात मी पुरता हरलोय आणि आज मला आधी जिंकल्याचं सांगायचंय. बासष्टाव्या वर्षी इतके तरी लाड करून घेऊ दे.

काल हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ओव्हाळांना दुसऱ्यांदा बसवतात का, हे बघायला अख्खी खराडी कसब्यात उतरली होती. गाड्या लावायला जागा नाही म्हणून तांबटांशी भांडणं झाली, ती वादसभेपेक्षा चांगली रंगली असं वैजनाथरावांनी प्रास्ताविकातच सांगितलं. फादर हिंदुराव पांढऱ्या झग्यात. मला म्हणाले, "ओव्हाळसाहेब, या वेळी तयारी?" मी म्हणालो, तुमच्याच माणसाकडून करून घेतलीय.

मी उठलो. वही उघडली नाही. म्हणालो, "फादरांचं म्हणणं असं आहे. अपराध केलेला माणूस खोटं जगायला लागतो, आणि सगळ्यात आधी स्वतःशी खोटं बोलतो. म्हणून त्याने ते मोठ्याने, दुसऱ्या जिवंत माणसासमोर बोललं पाहिजे, कारण मनातल्या मनात कुणीही प्रामाणिक असतो. बोलणं म्हणजे सुटका नव्हे. चोरीचा माल परत करायचा, जमेल तितका, आणि पुन्हा हात घालायचा नाही. हे मनात नसेल तर फादरांनी हजार वेळा माफी दिली तरी ती लागत नाही. आणि ज्याची चोरी केली तो मेला असेल, तर माणसाने काय करायचं? आयुष्यभर बंद दारासमोर उभं राहायचं? म्हणून फादर म्हणतात, मेलेल्याच्याही वतीने कुणीतरी 'जा' म्हणायला पाहिजे. माणूस ते म्हणू शकत नाही. म्हणून देव."

खाली कुणीतरी विसरून एक हातोडी मारली, तीही ऐकू आली. पूर्वा पहिल्या रांगेत होती, तिने तोंडावर हात ठेवला होता. फादर लगेच उठले नाहीत. चष्मा काढला, पुसला, आणि मग उठले.

"मान्य," ते म्हणाले. "मी हे असं कधी मांडलेलं नाही. उद्या चर्चमध्ये, मिस्साला, तुमचंच सांगीन."

टाळ्या थांबायला वेळ लागला. वैजनाथरावांनी घंटा वाजवली ती कुणाला ऐकूच गेली नाही. त्या क्षणी मी हरलो असतो तरी मला चाललं असतं. पण माझी दहा मिनिटं शिल्लक होती, आणि ती सोडण्याइतका मी अजून संत झालेलो नाही.

मी म्हणालो, "आता खोडतो. मेलेली माणसं फादर समजतात तितकी असहाय नसतात. ती निरोप ठेवून जातात. शेजारणीकडे, बहिणीकडे, भांडण झालेल्या माणसाकडे. तो निरोप शोधायला जायचं तर ज्याला दुखावलं त्याच्याच दारात उभं राहावं लागतं, तोंडावर उजेड घेऊन. जाळीमागच्या अनोळखी माणसाशी बोलण्यापेक्षा हे अवघड आहे. जी वाट माणसाला त्या दारापासून दूर, सोप्या दाराकडे नेते, ती त्याला बेजबाबदार बनवते. एवढंच माझं म्हणणं."

फादरांनी एकच प्रश्न विचारला. "आणि निरोप ठेवलाच नसेल तर?"

"तर माफी नाही," मी म्हणालो. "तिच्याशिवाय जगायचं. नास्तिकाला एवढं जमलं पाहिजे."

फादरांना ते पटलं नाही, त्यांनी तसं सांगितलंही. पण सांगताना ते हसत होते. हात वर करून मत घेतलं : एकशे चौदा माझ्या बाजूने, अठ्ठ्याण्णव त्यांच्या. मला शाल आणि नारळ दिला. चाळीस वर्षं मी नारळ नाकारतोय, काल घेतला. जिन्यात फादरांना दिला आणि सांगितलं, तुमच्यात फोडत नसतील तर चटणी करा. ते म्हणाले, "निरोप कुणाकडे होता?" मी म्हणालो, गुमल्याला. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

आता तुझं पत्र.

तू लिहितेस, आईला सगळं माहीत होतं. दुसऱ्याच वर्षी उत्तरेश्वर गहू घेऊन गिरणीत गेला आणि तुमच्याकडची पत्रं परत जातात असं गोदाबाईला सांगून बसला. तेव्हापासून तुझी खरी पत्रं गिरणीच्या पत्त्यावर येत होती. दर रविवारी आई दोन किलोचं दळण घेऊन जायची आणि गोदाबाईची रुपाली गिरणीच्या आवाजात ओरडून ओरडून तिला वाचून दाखवायची. आई सांगायची, रुपाली लिहायची. वीस-बावीस वर्षं. आणि मी तिला तयार पिठाची पिशवी आणून देत होतो.

मग घरच्या पत्त्यावर दिवाळीचं ते एक पत्र कशाला, हे मी वाचता वाचता विचारलं आणि पुढच्याच ओळीत उत्तर होतं. आईनेच सांगितलं होतं, "त्याच्या पत्त्यावर एक टाकत जा. त्याला सांगायला जागा राहू दे." म्हणजे भाऊबीजेला ती पत्राची वाट बघत नव्हती. माझी बघत होती. पहिलं वर्ष सोड, एकवीस वेळा तिने दार उघडं ठेवलं आणि मी पंखे लावत बसलो. दुर्गा, मी काल दोनशे लोकांसमोर वाद जिंकलो, पण या अडाणी बाईने माझ्याशी आयुष्यभर वाद घातला आणि मला कळूसुद्धा दिलं नाही. तूही तेच केलंस, दोन्ही पत्रांच्या शेवटी आईबद्दल विचारून.

तिने तुला घातलेली अट वाचून मी मोठ्याने हसलो, आणि मग हसणं थांबवून रडलो. "तो आपणहून सांगेल तेव्हाच सांग. तोवर त्याला वाद घालू दे, त्याला तेच येतं. सांगितलं की म्हण, आईनं तेव्हाच सोडून दिलं होतं." हे तू नऊ वर्षं सांभाळलंस. मला राग यायला हवा होता, पण शोधूनही सापडला नाही.

आज सकाळी दोन किलो ज्वारी घेऊन गिरणीत गेलो. तिथे आता विजेची नवी चक्की आहे, रुपालीचा नवरा चालवतो. गोदाबाई ऐंशीच्या पुढे, खुर्चीवर बसून असते, ऐकू कमी येतं. मी समोर जाऊन उभा राहिलो. तिने डबा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "आलास का? लई येळ लावलास." दळण पाच मिनिटांत झालं. मी तासभर बसलो. रुपालीला आईची वाक्यं तोंडपाठ आहेत. निम्मी माझ्याबद्दलची तक्रार.

पूर्वाला सगळं सांगितलं. तिने लॅपटॉप उघडून रांचीचं तिकीट बघायला घेतलं. डिसेंबरात आम्ही दोघं येतोय. तुझ्या चर्चमध्ये मी येईन, मागच्या बाकावर बसेन, गुडघे टेकणार नाही. हे आधीच सांगून ठेवतो, नंतर वाद नको.

पण तोवर थांबवत नाही. तू लिहिलंयस की परत आलेली ती बावीस पाकिटं तुझ्याकडे जपून ठेवलेली आहेत, न उघडलेली. ती सगळी पुन्हा पोस्टात टाक. एकदम नको, एकेक करून. पत्ता तोच आहे. पोस्टमन नवा आहे, त्याला काल सांगून ठेवलंय की या घरात पत्र घेणारा माणूस आहे.

तुझा,
दादा